पीसी मधेच खटकन बंद पडतोय? स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी एवढं बघा

घरी असेंबल केलेला पीसी मधेच बंद पडायला लागला की सल्ले दोनच येतात, एक म्हणजे "फॉरमॅट मारून घे" आणि दुसरा "एसएमपीएस गेलाय, नवीन टाक" (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा). पहिल्याने शक्यतो काहीच होत नाही, कारण विंडोज बिघडलं तर ते निळी स्क्रीन दाखवेल, अडकून बसेल, स्वतःहून रिस्टार्ट मारेल, पण पंखे, लाईट, स्क्रीन सगळं एका क्षणात गेलं असेल तर तिथे बिचाऱ्या विंडोजचा काही संबंध नसतो. दुसरा सल्ला कधी लागू पडतो, कधी चार-पाच हजार घालवून नवा एसएमपीएस येतो आणि पीसी आपला संध्याकाळी परत बंद.

खरी गोची अशी की "बंद पडतो" असं सगळेच सांगतात पण नक्की कसा बंद पडतो ते कुणी सांगत नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं. म्हणून पुढच्या वेळी बंद पडला की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. दोन मिनिटं नुसतं बघा.

एक, खटकन सगळं गेलं आणि आता समोरचं बटण कितीही दाबलं तरी हूं की चूं नाही, पण एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबून परत चालू केला की पीसी मुकाट सुरू होतो. हे दिसलं तर एसएमपीएसने स्वतःहून वीज तोडलीये, त्याच्या आतलं प्रोटेक्शन लॅच झालंय, लागलं आणि तसंच अडकून राहिलं. म्हणजे एकतर लोड जास्त झाला नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन, सगळं गेलं पण बटण दाबल्यावर लगेच चालू झाला, तर आधी घरची लाईट आणि यूपीएस बघायचा, मग पॉवर बटण, मग उष्णता. तीन, गेला आणि आपला आपण परत चालू झाला, म्हणजे खरं तर हा बंद पडणं नाहीच, हा रीसेट आहे, इथे प्रोसेसर, रॅम, बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंग यांच्यावर संशय. चार, स्क्रीन काळी झाली पण पंखे चालू आहेत, आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे तर विमान उडवल्यासारखे ओरडतायत, तर कार्ड किंवा कार्डाला जाणारी वायर. आणि पाचवा प्रकार म्हणजे "शटिंग डाऊन" असं व्यवस्थित लिहून येऊन बंद होणं, तो सॉफ्टवेअरचा, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

दोन आणि तीनमध्ये एक गफलत होऊ शकते. बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" नावाची सेटिंग असते, ती "पॉवर ऑन" वर असेल तर लाईट क्षणभर जाऊन आली तरी पीसी आपोआप चालू होतो आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर रीसेट झाला. म्हणून तपास चालू असेपर्यंत ती "पॉवर ऑफ" वर ठेवा. आता पीसी स्वतःहून परत उठला तर भिंतीतली वीज निर्दोष सुटली, संशय आतल्या पार्टवर. पडून राहिला तर उलटं, आधी बाहेर बघा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. स्टार्टमध्ये नाव टाईप केलं की येतं, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा. तिथे कर्नल-पॉवर ४१ असं लाल अक्षरात दिसेल आणि ते बघून लोक घाबरतात, नेटवर शोधतात, "कर्नल पॉवर फिक्स" नावाची कसली कसली टूल उतरवून घेतात. असलं काही करू नका. ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, आणि ही नोंद पीसी परत चालू झाल्यावर लिहिली जाते, बंद पडताना नाही. मेन वायर उपटलीत तरी ४१ च येणार. कामाची गोष्ट त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेककोड नावाची ओळ आहे, ती शून्य असेल तर निळी स्क्रीन आलीच नव्हती, वीज गेली किंवा पीसी ठार गोठला. शून्य नसेल तर तो आकडा डेसिमलमध्ये असतो, २९२ असेल तर हार्डवेअरची न सुधारता आलेली चूक, २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड, २६ असेल तर मेमरी, म्हणजे रॅमपासून सुरुवात. त्याच्याच आसपास पॉवरबटणटाईमस्टॅम्प अशी ओळ असते, तिथे शून्य सोडून काही असेल तर विंडोजच्या मते कुणीतरी पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं होतं. तुम्ही धरलं नव्हतं? मग बटणच अडकतंय, त्यावर पुढे येतो.

त्याच लॉगमध्ये १०७४ दिसला तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर शटडाऊन सांगितलाय, नावही तिथेच लिहिलेलं असतं, विषय संपला. आणि डब्ल्यूएचईए-लॉगर १८, म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक, दिसला तर ती नोंद जपून ठेवा, ती सोन्यासारखी आहे, खाली लागणार आहे.

आता भिंतीतली वीज. आपल्याकडे इथूनच सुरुवात करायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण परदेशी व्हिडिओ बघून पीसी दुरुस्त करणारी मंडळी हा भागच गाळतात, त्यांच्याकडे पाण्याची मोटर लावली म्हणून घरातले दिवे मंद होत नाहीत ना. सगळ्यात फुकट टेस्ट म्हणजे वायफायचा राउटर, बॅकअप नसलेला, पीसीच्याच बोर्डवर लावून ठेवा. पीसी गेला त्याच क्षणी राउटरचे लाईटही जाऊन पहिल्यापासून सुरू झाले तर पीसी उघडायची गरजच नाही. बोर्डातलं सॉकेट सैल असतं, एक्स्टेंशनच्या आत वायर नुसती गुंडाळलेली असते, प्लग जरा हलला की ठिणगी. प्लग काढून त्याच्या पितळी पिना बघा, एखादी काळी पडलेली असेल तर वायरमनला बोलवा, एसएमपीएसच्या दुकानात जाऊ नका.

मावसभावाचा पीसी याचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. अकोला, मे महिना, दुपारी गेम चालू असताना बंद. पारा ४४-४५ वर, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की गरम होऊन बंद पडतोय. दुकानदाराने थर्मल पेस्ट लावून दिली, कॅबिनेटला एक जादा फॅन बसवला, मग बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन पण लावून झाला, फरक शून्य. मी फोनवर विचारलं बंद पडताना आवाज कसला येतो का रे, तर म्हणे "यूपीएसमधून टक करून येतो, पण दादा तो तर दिवसभरच टकटक करत असतो". हे "दिवसभर" ऐकलं आणि मी म्हटलं पीसी सोड, यूपीएसकडे बघ. घरोघरी असतो तसा लाईन इंटरॅक्टिव्ह ६०० व्हीएचा यूपीएस. दुपारी गल्लीत सगळे कूलर, एसी, मोटरी एकदम सुरू, व्होल्टेज पडतं, यूपीएस आतला रिले मारून ते उचलून धरतो, तोच टक आवाज, आणि अगदीच खाली गेलं की तो बॅटरीवर जातो. बॅटरी तीन वर्षं जुनी. नुसता डेस्कटॉप उघडा असेल तर पीसी ७०-८० वॅट खातो, तेवढं ती मरायला टेकलेली बॅटरी कसंबसं ओढून न्यायची, पण गेममध्ये ३०० वॅट मागितले की एका झटक्यात आडवी. म्हणून दुपारी बंद, गेममध्येच बंद, सकाळी अभ्यास करताना कधीच नाही, आणि सगळ्यांना वाटलं उष्णता.

खात्री करायला त्याला पीसी बाजूला काढायला लावला आणि त्याजागी होल्डरला लावलेले १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब, दोन, यूपीएसवर जोडायला सांगितले. मग भिंतीतला प्लग उपटायचा. बल्ब आधी लालसर झाले आणि बघता बघता विझले, यूपीएस एक लांब शिट्टी मारून गप्प. आत बॅटरी बघितली तर पोट फुगलेलं, बाहेर काढताना अडकत होती. १२ व्होल्ट ७ एएचची नवीन बॅटरी टाकल्यावर त्रास थांबला.

पण यूपीएसचं गणितही समजून घ्या. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही, बहुतेक मॉडेलवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. ११०० व्हीए असेल तर साधारण ६६० वॅट. २०१५ च्या ऑफिस पीसीला घेतलेला यूपीएस तसाच ठेवून त्यावर आज २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड चढवलं, मॉनिटर आणि स्पीकरही त्यालाच लावले, तर लाईट गेल्यावर तो ओव्हरलोड होऊन पडणारच. शिवाय या स्वस्त यूपीएसचा बॅटरीवरचा आउटपुट खरा साईन वेव्ह नसतो, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज ओढायची पद्धत सुधारणारं सर्किट, असलेल्या काही एसएमपीएसना तो झेपत नाही, बॅटरी नवीकोरी असली तरी बदलाच्या क्षणी पीसी जातो. सगळ्यांचं होत नाही, पण होतं त्यांचं कायम होतं.

घरचा मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा समोर एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. पीसी इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर ते यूपीएस मोडवरच पाहिजे. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज येईपर्यंत मधे काही मिलिसेकंद जातात, यूपीएस मोडमध्ये साधारण दहा, नॉर्मलमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि एटीएक्स, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसचं ठरलेलं मानक, त्याच्या नियमाप्रमाणे एसएमपीएसने वीज गेल्यावर तग धरायची ती १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झची एक पूर्ण सायकलही नाही. स्वस्तातला तेवढाही धरत नाही. पंखे, ट्यूबलाईटला नॉर्मल मोडचा काही फरक पडत नाही म्हणून लावणारा माणूस तसंच ठेवून जातो.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मंद पेटतो, तर अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी ती गळती आहे, अर्थ नसल्याने तिला जायला जागा नाही. नुसत्या याने पीसी बंद पडेलच असं नाही, पण वीज कडाडली की पहिला बळी तोच जाणार. मल्टीमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. तिथे वीस-तीस दिसले तर हे प्रकरण इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि स्वतः सॉकेटात प्रोब घालायची सवय नसेल तर हे मोजमापही त्यालाच करू द्या.

वीज ठीक निघाली, भिंतीतून थेट लावूनही बंद पडतोय, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही, तर आता एसएमपीएस. इथे आधी स्टिकर वाचा. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, पण खरं काय ते १२ व्होल्टच्या रकान्यात दिसतं. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, संपलं. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, ३.३ आणि ५ व्होल्टचे अँपिअर जोडून ४५० चा आकडा फुगवून काही उपयोग नाही. धड बनवलेल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ च्या आसपास अँपिअर लिहिलेले दिसतात. कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला एसएमपीएस असेल तर मी स्टिकर वाचायचेही कष्ट घेत नाही.

चांगला एसएमपीएस असूनही पडतो त्याची गोष्ट वेगळी आहे. ग्राफिक्स कार्ड २२० वॅटचं म्हणतात ते सरासरी झालं, प्रत्यक्षात ते मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी दुप्पट किंवा त्याहून जास्त ओढतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३००० मालिका आली तेव्हा हा प्रकार एवढा गाजला की २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये मोठ्या एसएमपीएसने आपल्या रेटिंगच्या दुप्पट लोड १०० मायक्रोसेकंद सहन केला पाहिजे असा नियमच आला. त्याआधीच्या काही एसएमपीएसचं प्रोटेक्शन एवढं चटकन लागतं की कार्डाने उसळी मारली की ते शॉर्ट समजून वीज तोडतात. गंमत म्हणजे हे बहुतेकदा जोरदार मारामारीत होत नाही, गेमच्या मेनूत किंवा लोडिंग संपून चित्र उघडतं त्या क्षणी होतं, कारण तिथे लोड एकदम शून्यावरून वर जातो किंवा फ्रेमरेट हजाराच्या पुढे पळतो.

याची टेस्ट फुकट आहे आणि नवा एसएमपीएस घ्यायच्या आधी प्रत्येकाने ती करायलाच पाहिजे. आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं टूल टाका, पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेमरेट ६० ला बांधा आणि तोच गेम, तेच मेनू, तेच सगळं दोन-तीन संध्याकाळ खेळा. बंद पडणं पूर्ण थांबलं तर कार्डाची भूक आणि एसएमपीएसची कुवत यांचं जमत नाहीये, हे जवळजवळ नक्की. एका मित्राने तर हा "तपास" म्हणून केलेला बदलच कायम ठेवलाय, ७० ऐवजी ८० टक्क्यांवर, गेममध्ये फरक त्याला कळत नाही आणि खोलीही कमी तापते. काही फरक पडला नाही तर एसएमपीएसवर पैसे घालायची घाई करू नका.

वायरी पण बघा. कार्डाला दोन ८ पिनची तोंडं असतील तर दोन वेगळ्या वायरी लावा, एकाच वायरला फुटलेली दोन शेपटं लावू नका, एका ८ पिनचं अधिकृत प्रमाण १५० वॅट आहे. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ४+४ पिनचा कनेक्टर बऱ्याचदा अर्धाच बसलेला असतो, कारण तिथे हात पोचत नाही आणि माणूस कंटाळतो. २४ पिनचा काढून परत दाबून बसवा, एखादी पिन तपकिरी झालेली किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर तिथेच थांबा. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची वायर "बसते ना" म्हणून लावू नका, तोंड सारखं असलं तरी आतली पिनांची रचना वेगळी असू शकते आणि हार्डडिस्क क्षणात जळते. मल्टीमीटरवर मोलेक्स या जुन्या चार पिनच्या कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या वायरीत लोड असताना ११.४ ते १२.६ च्या मधे यायला पाहिजे, पण मीटरला मायक्रोसेकंदाची उसळी दिसत नाही, त्यामुळे १२.१ दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष असं समजू नका. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहतात.

आता उलटा प्रकार, जो सगळ्यात जास्त डोकं फिरवतो. तासन् तास गेम खेळा, रेंडर लावा, काही होत नाही, पण नुसता ब्राउझर उघडा ठेवून चहा प्यायला गेलात की परत आल्यावर पीसी लॉगिन स्क्रीनवर उभा. रिकामा असताना रिस्टार्ट होतो म्हणजे उष्णता नाही, लोड नाही. एएमडीचा रायझन प्रोसेसर असणाऱ्यांनी इथे आधी बायोसमध्ये जाऊन "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" शोधा, एएमडी सीबीएस या मेनूच्या आत दडलेलं असतं, ते "टिपिकल करंट आयडल" वर करा. प्रोसेसर झोपला की करंट इतका कमी ओढतो की जुन्या धाटणीचे काही एसएमपीएस गोंधळतात. इंटेलकडे हाच प्रश्न २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरच्या वेळी निघाला होता, तेव्हा बारा व्होल्टवर ०.०५ अँपिअर इतक्या कमी लोडलाही टिकणारा एसएमपीएस हवा अशी अट होती.

त्याने नाही थांबलं आणि लॉगमध्ये मघाशी म्हटलेला डब्ल्यूएचईए-लॉगर १८ असेल तर त्यातला एपीआयसी आयडी, म्हणजे कोरचा नंबर, बघा. प्रत्येक वेळी तोच तो आकडा येत असेल तर एकच कोर बोंबलतोय. कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोरचं व्होल्टेज कमी करणारी रायझनची सेटिंग, वजा वीस-तीसवर लावलाय का? यूट्यूबवर कुणीतरी लावलं म्हणून आपणही लावतो, सगळे कोर एकदम लोडवर असताना सगळं मस्त चालतं कारण तेव्हा क्लॉक कमी असतो, आणि रिकाम्या वेळी एकटाच कोर फुल बूस्टला उडी मारतो तेव्हा त्याला व्होल्टेज पुरत नाही. आधी सगळं ऑटोवर आणा, बायोस अपडेट करा, मग कोअरसायकलर नावाचं टेस्टचं टूल एकेका कोरवर रात्रभर चालवा. सिनेबेंच ही सगळे कोर राबवणारी टेस्ट पास झाली म्हणून स्टेबल, हे या बाबतीत अजिबात खरं नाही. ऑटोवर, नव्या बायोसवर, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद ठेवूनही तोच कोर येतोय, तर प्रोसेसर वॉरंटीत द्या.

उष्णतेबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिची सगळ्यांना आधीच धास्ती आहे. प्रोसेसर मर्यादेला पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, रायझन ७००० साठी ती ९५ अंश आहे, इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरला १००. थेट बंद पडायचं तर त्याच्याही बरंच वर जावं लागतं, म्हणजे नुसत्या जुन्या पेस्टने सहसा होत नाही, कूलर टेकलेलाच नाही किंवा लिक्विड कूलरचा पंप मेलाय असं काहीतरी लागतं. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक सुटलेली सापडणं नेहमीचंच, आणि पहिल्यांदाच असेंबल केलं असेल तर कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिलीये का बघाच. ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्यांदा वीस मिनिटं चालला, लगेच चालू केला तर पाचच मिनिटांत गेला, तासाभराने चालू केला तर परत वीस मिनिटं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या टूलमध्ये लॉगिंग चालू ठेवा, बंद पडल्यावर फाईलची शेवटची ओळ उघडा, तिथे ६८ अंश दिसले तर थर्मल पेस्टचा विषय डोक्यातून काढून टाका. धूळ मात्र काढा, दिवाळीची वाट न बघता, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

पॉवर बटण. कॅबिनेटच्या समोरचं बटण आत अडकून राहिलं की मदरबोर्डला वाटतं तुम्ही दाबून धरलंय आणि चार सेकंदांनी तो वीज तोडतो. पीसी चालू होऊन चार-पाच सेकंदांत, दर वेळी तेवढ्याच वेळात मरत असेल तर हेच. फ्रंट पॅनेलच्या पॉवर आणि रीसेट दोन्ही बारीक वायरी मदरबोर्डवरून उपटा, पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून पीसी चालू करा आणि दिवसभर तसाच वापरा. बंद पडला नाही तर खर्च शून्य, रीसेटचं बटण पॉवरच्या जागी लावून टाका.

शॉर्टचा संशय असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवा. कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड टेकायचा खुंट, जिथे मदरबोर्डला भोकच नाही तिथे राहून गेलेला असतो, नाहीतर स्क्रू मागे पडलेला. पावसाळ्यात पाल. हसू नका, एसएमपीएसच्या उबेला पाली आणि झुरळं खरंच जातात, मागच्या जाळीतून शेपटी दिसली की बाकी तपास करायची गरज उरत नाही. कोकणात, समुद्राजवळ असाल तर रॅम आणि कार्डाचे सोनेरी कॉन्टॅक्ट पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून बघा.

रॅमने पीसी बंद सहसा पडत नाही, निळ्या स्क्रीन येतात, रिस्टार्ट होतो, म्हणून तिला मी मागे ठेवली. एक्सएमपी किंवा एएमडीकडचं तेच काम करणारं एक्स्पो बंद करून दोन दिवस वापरा, मग एकेक स्टिक ठेवून मेमटेस्ट८६+ ही रॅमची टेस्ट रात्रभर. इंटेलच्या १३ व्या, १४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील आणि गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असा विचित्र एरर देऊन पडत असतील तर बायोस अपडेट केलाय का ते बघा. व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट, आला आणि इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एवढं करूनही सापडलं नाही तर पार्ट अदलाबदल, पण विकत घेऊन नाही, मागून. मित्राचा एसएमपीएस एका शनिवार-रविवारसाठी आणा, त्याच्या सगळ्या वायरींसकट. मग ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर त्यावर चालवा. मदरबोर्ड सगळ्यात शेवटी, कारण तो काढायचा म्हणजे आख्खा पीसी परत असेंबल करणं आलं.

आणि एसएमपीएस वॉरंटीत द्यायची वेळ आली तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. काउंटरवरचा माणूस हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतोय एवढं बघतो आणि "चेक केला सर, ओके आहे" म्हणून परत देतो, लोड न लावता केलेल्या त्या टेस्टमध्ये तो पास होणारच. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, गेम चालू आहे, पीसी गेला, समोरचं बटण दाबतोय काही होत नाही, मागचा स्विच बंद-चालू केला, आता उठला, सगळं एकाच शॉटमध्ये, न कापता. सोबत बिल आणि स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो, आणि जॉबशीटवर "डेड" असं लिहू देऊ नका, "लोडवर ट्रिप होतो" असंच लिहून घ्या.